चौदाव्या वर्षी मुलाला हॉकीसाठी घराबाहेर पाठवायचं का?

डेट्रॉईटच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा चौदाचा, आईस हॉकीत सेंटरला, म्हणजे आक्रमणाच्या मधल्या जागी, खेळतो. अंगाने लहानखुरा आहे आणि या मोसमात ट्रिपल-ए, म्हणजे मुलांच्या वरच्या श्रेणीतल्या, टीमच्या दुसऱ्या लाईनवर, म्हणजे आळीपाळीने बर्फावर जाणाऱ्या दुसऱ्या तुकडीत, आहे. दुसऱ्या राज्यातल्या एका हॉकी अकादमीने त्याला जागा देऊ केली आहे. राहणं तिथेच, शाळा तिथेच, आठवी पुन्हा करायची, आणि अनामत रक्कम दोन आठवड्यांत भरायची. एका सल्लागाराने सांगितलंय की आत्ता गेला नाही तर ज्युनियर हॉकीची, म्हणजे सोळा ते वीस वयाच्या मुलांच्या लीगची, गाडी सुटेल. नवऱ्याचं म्हणणं, खेळासाठी अभ्यासावर पाणी सोडायचं नाही. ताई विचारतात: पाठवावं का? आणि पुढे कॅनडाची लीग बरी की अमेरिकेतलं कॉलेज?

ताई, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. १९९९ मध्ये मी गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीसाठी पुण्याहून मिशिगनला आलो. मुलगा स्केटिंग शिकायला लागला तेव्हा त्याच्या नाड्या बांधायला रिंकवर जायचो. मग युएसए हॉकीचे, म्हणजे इथल्या राष्ट्रीय हॉकी संघटनेचे, कोचिंगचे वर्ग केले, एकेक पायरी चढलो, आणि गेली सतरा वर्षं बारा ते सोळा वयाच्या मुलांच्या टीम सांभाळतोय. माझ्याकडची काही मुलं ज्युनियर खेळली, थोडी कॉलेजात खेळली, एनएचएलपर्यंत, म्हणजे सर्वात वरच्या व्यावसायिक लीगपर्यंत, कुणी पोचलं नाही. पण या एका विषयावर आईवडिलांशी किती वेळा बोललोय याची गणती नाही. रिंकच्या काचेपाशी, पार्किंगमध्ये, मंडळाच्या गणपतीच्या पंगतीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण तुमचं पत्र वाचताना मला खरी अडचण तिसरीच दिसली. जो निर्णय अजून दोन वर्षं तुमच्या दारात येणार नाही, तो तुमच्याकडून दोन आठवड्यांत घेतला जातोय. लीग कोणती, अकादमी कोणती, हे सगळं नंतरचं. घाई कुणाला आहे आणि कशासाठी, हे आधी बघू.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मुलगा स्वतःहून पहाटे उठतो की तुम्ही उठवता? सध्याच्या टीममध्ये त्याला बर्फावर किती वेळ मिळतो? घरात दुसरं भावंड आहे का? कारण हॉकीचा मोसम त्या भावंडाचे शनिवार-रविवारही खातो. माझ्या ओळखीतल्या ट्रिपल-ए घरांचा फी, प्रवास, हॉटेल, स्टिक्स धरून वर्षाला पंधरा-वीस हजार डॉलर खर्च सहज होतो, आणि राहण्याची अकादमी त्याच्या कितीतरी पुढे जाते. हे पैसे बाजूला काढल्यावर झोप शांत लागते का? याची उत्तरं वेगळी असतील तर माझा सल्लाही बदलेल. जिथे जवळ रिंकच नाही अशा गावातल्या मुलाला मी कदाचित 'जा' म्हणेन. तुम्ही मिशिगनमध्ये आहात.

आता वेळापत्रक. मुलगा ज्या वर्षी सोळाचा होतो त्या वर्षीच्या वसंतात बऱ्याच गोष्टी एकदम येतात. ओएचएल या कॅनडाच्या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे टीमनी फेऱ्यांमध्ये खेळाडू निवडणं, युएसएचएल या अमेरिकेच्या ज्युनियर लीगचा पहिला ड्राफ्ट, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघाचं शिबिर. हा संघ, म्हणजे एनटीडीपी, १९९६ मध्ये ॲन आर्बरला सुरू झाला आणि २०१५ पासून प्लिमथला आहे, तुमच्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर. कॉलेजचे कोच मुलाला कधीही पाहायला येऊ शकतात, पण भरतीबद्दल बोलायला त्यांना दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपर्यंत थांबावं लागतं, आणि जागा देऊ करायला अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत. तुमचा मुलगा आठवीत आहे. आत्ता 'अमुक कॉलेज त्याच्यावर लक्ष ठेवून आहे' असं कुणी सांगत असेल, तर त्या वाक्याला पाठीचा कणा नाही असं धरून चाला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भारतीय घरांना सहसा माहीत नसते. इथे कॉलेज हॉकीत पहिल्या वर्षाला येणारा खेळाडू अठराचाच असतो असं नाही. बारावीनंतर एक-दोन वर्षं ज्युनियर खेळून एकोणीस-वीसचे होऊन येणारे भरपूर असतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे बारावीनंतर एक वर्ष गेलं की घरात सुतक पडतं. इथे ते वर्ष रस्त्याचाच भाग आहे. म्हणजे मुलाला तयार व्हायला आजपासून पाच-सहा वर्षं आहेत. आठवी पुन्हा करून मिळणारं 'जादा वर्ष' त्याला हवंच असेल, तर ते बारावीनंतरही मिळतं, आणि तेव्हा तो देहाने-मनाने मोठा असतो.

आता एक उदाहरण जरा निवांत सांगतो, कारण पालकांशी बोलताना मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच येतो. ऑस्टन मॅथ्यूज. आज तो टोरंटोचा, एका मोसमात ६९ गोल करणारा खेळाडू म्हणून सगळ्यांना माहीत आहे. मला रस आहे तो त्याच्या पहिल्या अठरा वर्षांत.

जन्म १७ सप्टेंबर १९९७, कॅलिफोर्नियात. काही महिन्यांचा असतानाच घर ॲरिझोनाला आलं, स्कॉट्सडेलला. वाळवंट. बाप कॉलेजात बेसबॉल खेळलेला, आई मेक्सिकोतल्या हेर्मोसियोची. घरात हॉकीचं कुणी नाही. पण १९९६ मध्ये विनिपेगची एनएचएल टीम फिनिक्सला आली होती, कायोटीज नावाने, आणि दोन वर्षांचं हे पोर घरच्यांबरोबर मॅचला जायला लागलं. सुरुवातीला त्याला खेळापेक्षा बर्फ गुळगुळीत करणाऱ्या झांबोनी मशीनचं वेड होतं. पाचव्या वर्षी स्केट्स घातले. (ती टीम २०२४ मध्ये ॲरिझोना सोडून युटाला गेली, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तिथे आता कुठल्या पोराला कुठली मॅच दाखवायची?)

फिनिक्स भागात तेव्हा बर्फच कमी. ऑस्टन ज्या रिंकवर वाढला तिथे पूर्ण मापाचं मैदान नव्हतं, छोटे तुकडे होते, आणि त्यावर तीन विरुद्ध तीन खेळ चालायचा. तुम्हाला वाटेल, बिचारा, सोयी नव्हत्या. मी कोच म्हणून सांगतो, त्या छोट्या बर्फानेच त्याला घडवलं. मोठ्या मैदानावर दहा पोरं पळतात आणि पक, म्हणजे हॉकीची चकती, एकाकडे असतो. छोट्या जागेत सहा पोरं असतात, पक दर दोन-तीन सेकंदांनी तुमच्यापाशी येतो, अंगावर सतत कुणीतरी असतं आणि डोकं वर ठेवल्याशिवाय गत्यंतर नसतं. त्याच्या हातातली ती झटपट सुटणारी शॉट आणि गर्दीत पक लपवायची कला या जागेतून आली, असं मला त्याचा खेळ बघताना नेहमी वाटतं. युएसए हॉकीनेही २००९ पासून लहान मुलांसाठी अर्ध्या-पाव मैदानावरचे खेळ पुढे आणले, ते याच कारणासाठी. मी एकदा स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो. माझ्या टीममधल्या एका चांगल्या विंगरच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या पोराच्या, स्टिकवर पूर्ण मॅचभरात पक मिनिटभरही टिकला नाही. त्याच पोराला दुसऱ्या दिवशी छोट्या मैदानाच्या प्रॅक्टिसमध्ये दहा मिनिटांत त्याहून जास्त पक मिळाला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा स्केटिंगचा गुरू. बोरिस दोरोझेंको नावाचा युक्रेनी कोच, आधी मेक्सिकोत हॉकी शिकवून ॲरिझोनाला आलेला. मुलांना स्केट्सवर उड्या मारायला लावायचा, गुडघे उचलून चालायला लावायचा, ज्यात पाहणाऱ्याला हॉकी दिसतच नाही. ऑस्टन त्याच्याकडे वर्षानुवर्षं राहिला. एक कोच, एक पद्धत, घरापासून जवळ. पंधरा-सोळाचा होईपर्यंत हा पोरगा ॲरिझोनातच खेळला, अगदी वाळवंटातल्या एका क्लबसाठी, आणि आठवीत असताना मिनेसोटा किंवा मॅसॅच्युसेट्सला गेला नाही म्हणून त्याची गाडी सुटली नाही.

मग तो फाटा आला जो तुमच्यापुढे दोन वर्षांनी येईल. २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट सिल्व्हरटिप्सने त्याला डब्ल्यूएचएल या कॅनडाच्या दुसऱ्या ज्युनियर लीगच्या बँटम, म्हणजे लहान वयोगटाच्या, ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत निवडलं. त्या काळी तिकडे एक मॅच खेळली की अमेरिकन कॉलेजचं दार बंद व्हायचं. त्याने एनटीडीपी निवडली आणि २०१३ मध्ये मिशिगनला आला. मोसम सुरू होताच मांडीचं हाड मोडलं. सोळा वर्षांचा मुलगा, घर दोन हजार मैल लांब, पाय जायबंदी, आणि बाकीची पोरं बर्फावर. पण तिथे त्याच्या पायाकडे बघायला डॉक्टर होते, ट्रेनर होते, बिलेट घर, म्हणजे खेळाडूला आपल्याकडे ठेवून घेणारं कुटुंब, होतं, शाळा होती. घर सोडण्याचा अर्थ हा आहे, ताई. मूल आजारी पडल्यावर, हाड मोडल्यावर, मनातून उतरल्यावर त्याच्याजवळ कोण असेल, हा प्रश्न अकादमीला विचारा. पहिल्या लाईनवर खेळवाल का, हा नंतर.

पुढच्या मोसमात, २०१४-१५ मध्ये, त्याने ११७ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले आणि एनटीडीपीचा पॅट्रिक केनचा १०२ गुणांचा विक्रम मोडला. तो ड्राफ्टसाठी तयार होता. आणि इथेच त्याची जन्मतारीख आडवी आली. त्या वर्षीच्या एनएचएल ड्राफ्टला पात्र व्हायचं तर १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हायला हवेत. हा १७ चा. दोन दिवसांनी हुकला. अख्खं वर्ष थांबायचं.

तुमचा सल्लागार ज्याला 'गाडी सुटणं' म्हणतो ते हेच ना? एव्हरेट वाट बघत होतं, कॉलेजंही वाट बघत होती. तो झुरिकला गेला, झेडएससी लायन्सकडे, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये. आई आणि बहीण त्याच्याबरोबर राहायला गेल्या. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिथे खेळता येत नव्हतं, म्हणून वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पहिली मॅच खेळला आणि त्यात गोल केला. मोसमात ३६ सामने, २४ गोल, ४६ गुण, समोर तीस-तीस वर्षांचे दणकट पुरुष. २०१६ मध्ये टोरंटोने पहिल्या क्रमांकावर निवडलं. १२ ऑक्टोबर २०१६ ला ओटावात पहिली एनएचएल मॅच, चार गोल. मॅच टोरंटो जादा वेळेत हरलं, पण आधुनिक काळात पदार्पणात चार गोल कुणी केले नव्हते. त्या मोसमात ४० गोल आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूची काल्डर ट्रॉफी.

हे सगळं सांगण्याचं कारण, तुमचा मुलगा मॅथ्यूज होईल असं मला म्हणायचं नाही. एनएचएल ड्राफ्टमध्ये ३२ टीमच्या सात फेऱ्या, जगभरातून २२४ मुलं. त्या आशेवर घरातला कुठलाही निर्णय घेऊ नये. कारण दुसरं आहे. ज्या मुलाला खरोखरच सगळे पहिल्या नंबरवर घेणार होते, त्याचा रस्तासुद्धा सरळ नव्हता. दर वळणावर त्याच्या घरच्यांनी एकच गोष्ट पाहिलेली दिसते: या वर्षी पोराला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कठीण हॉकी कुठे खेळायला मिळेल, आणि तिथे त्याच्याबरोबर कोण असेल. लीगचं नाव मागून आलं.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा सल्ला अपुरा राहील. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. सुरेख स्केटिंग, शांत, रिंकवर सगळ्यात आधी येणारा. असंच लांबच्या एका प्रोग्रामचं बोलावणं आलं. वडिलांनी मला विचारलं आणि मी म्हटलं, 'पाठवा, नाव मोठं आहे.' मला अभिमान वाटला होता, माझ्या टीममधून कुणीतरी तिथे चाललंय म्हणून. तिथे टीममध्ये मुलं फार होती. तो चौथ्या लाईनवर गेला आणि मॅचमध्ये पाच-सहा मिनिटं खेळायला लागला, तीही निकाल लागल्यावर. जानेवारीत घरी परत आला. मार्चमध्ये मला रिंकच्या कॅन्टीनमध्ये भेटला तेव्हा हॉट चॉकलेटचा कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'कोच, मला पक आला की आता भीती वाटते.' पुढच्या मोसमात त्याने खेळणं सोडलं. मी वडिलांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: तिथे याला किती मिनिटं खेळायला मिळतील? मी विचारला नाही. त्या दिवसापासून तो प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणालाही 'जा' म्हटलेलं नाही.

तुमचा मुलगा लहानखुरा आहे, आणि तुम्ही ते दोनदा लिहिलंय, म्हणून त्याबद्दलही बोलतो. अंगावर धडक मारायची परवानगी १४-यू, म्हणजे चौदा वर्षांखालच्या गटापासून, सुरू होते, म्हणजे नेमकी या वयात. काही पोरांना मिशी फुटलेली असते, काहींचा आवाजही बदललेला नसतो, आणि दोघं एकाच बर्फावर. जी मुलं लवकर वाढतात ती या दोन-तीन वर्षांत हिरो दिसतात. मी अशी कितीतरी मुलं पाहिली आहेत जी तेराव्या वर्षी मैदान हादरवायची आणि सतराव्या वर्षी बाकीच्यांनी गाठल्यावर त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. लहान अंगाच्या मुलाला डोक्याने खेळावं लागतं, आणि डोकं नंतर उपयोगी पडतं. जॉनी गॉड्रो आठवा. जेमतेम पाच फूट नऊ इंच. बाप न्यू जर्सीतल्या रिंकचा व्यवस्थापक. पोराने स्केटिंग करावं म्हणून बर्फावर स्किटल्सच्या गोळ्या टाकायचा आणि पोरगं त्या उचलत पुढे सरकायचं. २०११ मध्ये कॅलगरीने त्याला १०४ व्या क्रमांकावर घेतलं, मग बोस्टन कॉलेजात तीन वर्षं, आणि २०१४ मध्ये कॉलेज हॉकीचा सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो आणि त्याचा भाऊ अपघातात गेले, तेव्हा आमच्या बारा वर्षांच्या पोरांनी रात्री आपापल्या दाराबाहेर स्टिक्स ठेवल्या होत्या.

आणि अगदी तुमच्या शेजारचं उदाहरण. कॉनर हेलेबाईक, विनिपेगचा गोली, म्हणजे गोलरक्षक, २०२५ मध्ये एनएचएलचा सर्वात मौल्यवान खेळाडू. तो कॉमर्स टाउनशिपचा, वॉल्ड लेक नॉर्दर्न हायस्कूलचा. बाकीची हुशार पोरं ट्रिपल-एच्या मागे देशभर फिरत होती तेव्हा हा शाळेच्या टीममधून खेळत होता. मग एनएएचएल लीगमध्ये, म्हणजे युएसएचएलच्या खालच्या पायरीवर, टेक्सासमधल्या ओडेसात एक मोसम. २०१२ मध्ये पाचव्या फेरीत, १३० व्या क्रमांकावर निवड, नंतर मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल विद्यापीठात दोन वर्षं. गोलींचं गणित थोडं वेगळं असतं, ते उशिरा पिकतात, हे मान्य. पण चौदाव्या वर्षी त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, आणि तुम्ही रोज ज्या रस्त्यांवरून जाता त्याच रस्त्यांवरून तो प्रॅक्टिसला जात होता.

उलट बाजूही सांगतो. जॅक ह्यूज प्लिमथच्या एनटीडीपीतून थेट २०१९ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर झाला आणि अठराव्या वर्षी न्यू जर्सीकडून खेळला. पहिल्या मोसमात ६१ सामन्यांत २१ गुण. लोकांनी नको नको ते म्हटलं. २०२२-२३ मध्ये त्याच मुलाने ९९ गुण केले. लवकर पोचणाऱ्यालाही उमगायला वेळ लागतोच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कॅनडाची लीग की कॉलेज. दोन वर्षांपूर्वी विचारला असतात तर मी म्हटलं असतं, हा सर्वात मोठा निर्णय आहे, नीट विचार करा. कॅनडाच्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगमध्ये मुलांना थोडा भत्ता मिळतो आणि एनएचएलचा करार केलेली पोरंही तिथे खेळतात, म्हणून एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, त्या सगळ्यांना व्यावसायिक समजायची. ७ नोव्हेंबर २०२४ ला हा नियम बदलला, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ओएचएल, डब्ल्यूएचएल किंवा क्यूएमजेएचएल खेळलेला मुलगाही कॉलेजात खेळू शकतो. एनएचएलचा करार स्वतः केला असेल तर मात्र नाही. म्हणजे 'हा की तो' ही भीती आता बरीच ओसरली आहे. जुने सल्लागार अजून जुन्या नियमाचं भय घालतात, तेवढं ओळखून असा.

याची एक बाजू तुमच्या मुलाला जड जाणारी आहे. तिकडची तयार पोरं आता कॉलेजच्या जागांसाठी येताहेत, त्यामुळे तिथली गर्दी वाढली आणि वयही वाढलं. यावर उपाय आठवी पुन्हा करण्यात नाही, विसाव्या वर्षापर्यंत खेळाडू म्हणून वाढत राहण्यात आहे. आणि तुम्हाला फार लांब बघायला नको. ओएचएलच्या दोन टीम मिशिगनमध्येच आहेत, सॅगिनॉ आणि फ्लिंट. युएसएचएलची मस्कीगन आहे. युएसएचएलमध्ये मुलाकडून फी घेत नाहीत, स्टिक-स्केट्सही तेच देतात, मूल बिलेट कुटुंबाकडे राहतं. सोळा-सतराव्या वर्षी असं बोलावणं आलं, तर तेव्हा घर सोडण्यात अर्थ आहे, कारण तिथे तुम्ही पैसे देऊन जागा विकत घेतलेली नसते. समोरच्याला तुमचा मुलगा हवा असतो. तुमच्या आजच्या आणि तेव्हाच्या निर्णयात मला दिसणारा फरक हा आहे.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ते बरोबर आहेत, फक्त अभ्यास आणि हॉकी एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत असं त्यांना वाटतंय तेवढं इथे नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, डार्टमथ, ब्राऊन हे सगळे पहिल्या श्रेणीतली हॉकी खेळतात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण कोचला मुलगा हवा असेल तर त्याचे शाळेतले मार्क आधी पाहिले जातात. नववीपासूनचे मार्क हे हॉकीपटूच्या स्केट्सइतकेच महत्त्वाचे आहेत. एकट्या मिशिगन राज्यात पहिल्या श्रेणीच्या सात टीम आहेत, आणि त्यातल्या वेस्टर्न मिशिगनने २०२५ मध्ये पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याखाली क्लब हॉकी आहे, जिथे इंजिनिअरिंग करता करता मुलं आनंदाने आणि जोरात खेळतात. माझा मुलगा तिथेच खेळला. त्याचे आजचे सगळ्यात जवळचे मित्र त्या टीमचे आहेत.

मधेच थोडक्यात, म्हणजे धागा सुटायला नको: मोठे ड्राफ्ट दोन वर्षांवर, कॉलेजचं बोलणं त्याच सुमारास, कॅनडा-अमेरिका हा फाटा आता मवाळ झालेला, आणि तुमच्या मुलाची वाढ अजून व्हायची आहे. दोन आठवड्यांची मुदत ही अकादमीची गरज आहे.

मग करायचं काय? अकादमीला फोन करा आणि सरळ विचारा. या वयोगटात किती मुलं आहेत, किती सेंटर आहेत, आठवड्याला बर्फावर किती तास, त्यातली प्रॅक्टिस किती आणि मॅच किती. गेल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी किती जण परत आले. दोन घरांचे नंबर द्या म्हणावं, एक खूश असलेलं आणि एक मोसम अर्ध्यात सोडून गेलेलं. दुसरा नंबर देतात की नाही, यावरून बरंच कळेल. सल्लागाराला विचारा की या अकादमीकडून त्याला काही मिळतं का. विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत आणि मूलही.

त्याच वेळी इथेच काय वाढवता येईल ते बघा. आठवड्यातून एक दिवस नुसतं स्केटिंग शिकवणारा कोच, पक नाही, मॅच नाही. उन्हाळ्यात तीन विरुद्ध तीन. आणि उन्हाळ्यात निदान दोन महिने हॉकीपासून पूर्ण सुट्टी, दुसरा कुठलाही खेळ. टेनिस चालेल, फुटबॉल चालेल. सध्याच्या कोचशी पंधरा मिनिटं बसा आणि पहिल्या लाईनवर जायला याला काय कमी पडतंय ते विचारा. उत्तर 'मोठा होऊ द्या' एवढंच आलं तर तुमच्या मुलाला दुसरा कोच हवा. दुसरं राज्य नव्हे.

मुलाशी बोलताना मॅचनंतर गाडीत बोलू नका. मी बापांना नेहमी सांगतो, रिंक ते घर हा वीस मिनिटांचा रस्ता पोराचा असतो. तेव्हा ओला ग्लोव्ह, सुजलेला अंगठा, हरलेली मॅच सगळं त्याच्या मांडीवर असतं. घरी येऊन वरण-भात पोटात गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्याला एकट्याला विचारा: तुला जायचंय का, की आम्हाला तू गेलेला आवडेल असं तुला वाटतंय? या प्रश्नावर तो किती वेळ गप्प बसतो तेही बघा.

अनामत भरू नका, निदान या महिन्यात नाही. येत्या शनिवारी मॅचला गोलच्या मागे न बसता वर, मधल्या रेषेपाशी बसा, आणि हातात वही ठेवा. तो बर्फावर किती वेळ असतो ते लिहा. मग पक त्याच्याकडे येण्याच्या आधीचे दोन सेकंद फक्त त्याच्या मानेकडे बघा. खांद्यावरून मागे पाहतो का? प्रत्येक वेळी खूण करा. पक कुठे जातो ते त्या दिवशी बाकीचे लोक बघतील. अशा तीन मॅचची वही झाली की मला पाठवा. पुढचं त्या खुणा बघून सांगतो.